घरी झकास, हॉलमध्ये पत्रा : सतार-गिटारचा पिकअप, प्रीअ‍ॅम्प आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची जोडी का जुळत नाही

सांगली-मिरजेत सतार, गिटार, व्हायोलिन वाजवणाऱ्यांकडून मला सारखा एकच फोन येतो. "घरी झकास वाजत होती. हॉलमध्ये लावली आणि पत्रा झाला बघ." असे दोन कार्यक्रम गेले की माणूस पिकअपवर (वाद्याचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) खापर फोडतो, जास्त पैसे घालून दुसरा आणतो, आणि तिसऱ्या हॉलमध्ये पुन्हा तोच पत्रा. मी स्वतः यातून गेलोय, बऱ्याच जणांची वाद्यं लावून बघितलीत, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

उत्तर आधी सांगतो. पिकअप बहुतेक वेळा चांगलाच असतो. त्याची वायर ज्या पहिल्या सॉकेटमध्ये जाते, ते सॉकेट त्याच्या जोडीचं नसतं. घरचा गिटारचा अ‍ॅम्प नकळत जोडीचा निघतो, हॉलचा मिक्सर निघत नाही. शिवाय प्रत्येक हॉलचा मिक्सर वेगळा, त्यामुळे त्रास कधी होतो, कधी होत नाही, आणि खरं कारण हाती लागायला वर्षं जातात.

माझ्यासमोर घडलेला प्रसंग सांगतो. मिरजेतला एक सतारवादक मित्र. घोडीशेजारी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तबलीवर (तुंब्यावरचं लाकडी झाकण) २७ मिलिमीटरची पितळी पिएझो चकती चिकटवलेली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बझरसाठी मिळते तीच. तिची वायर पी-३८ पिनला (गिटारच्या केबलला असते ती जाड पिन), पिन स्टेजवरच्या बॉक्सला, तिथून सरळ मिक्सरच्या माइक इनपुटला. मी तिसऱ्या रांगेत होतो. आलापात त्यानं जोडाची (मुख्य तारेशेजारची, खालच्या षड्जाची) तार छेडली की नखीचा टक्क एवढाच ऐकू यायचा, मागचा सूर नाहीच. साउंडवाल्या दादानं लो पूर्ण वर नेला, हाय खाली आणला. झालं काय, तर शेजारच्या तबल्याचा डग्गा त्या चकतीतून घुमायला लागला आणि मॉनिटर (कलाकारासमोरचा स्पीकर) ओरडला. मध्यंतरात मी पिशवीतला बफरचा (पिकअपला न ओढता त्याचा सिग्नल पुढं देणारा) छोटा डबा मध्ये लावला, ईक्यूची (लो-हाय कमीजास्त करणारी) सगळी बटणं मधोमध आणायला सांगितली आणि मित्राला म्हटलं, आता खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, लाव. त्यानं लावला. दादा मिक्सरमागून उठून आला आणि म्हणाला, "काय बदललं?" सतार तीच, चकती तीच, मिक्सर तोच होता.

असं का होतं

पिएझो पिकअप म्हणजे विजेच्या हिशेबानं लहानसा कपॅसिटर. वाद्य थरथरलं की त्यावर थोडासा चार्ज येतो. पुढच्या डब्यानं तो न ओढता नुसता मोजला पाहिजे. किती ओढायचं हे ठरतं इनपुट इम्पिडन्सवर, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला ते सॉकेट किती विरोध करतं त्यावर. इम्पिडन्स कमी असेल तर चार्ज मोजला जाण्याआधीच गळून जातो. तळाला भोक असलेल्या घागरीत सावकाश पाणी ओतलं तर साठतच नाही, एकदम बादली उपडी केली तर क्षणभर तरी भरते. खर्जाचा कंप सावकाश, तो गळून जातो. नखीचा टक्क क्षणात होतो, तो तेवढा पोचतो. म्हणून जे ऐकू येतं ते पत्र्यासारखं.

आता आकडे. खर्ज कुठून कापला जाणार हे काढायचं सूत्र सोपं आहे : एक भागिले (दोन गुणिले पाय गुणिले इनपुट इम्पिडन्स गुणिले पिकअपची कपॅसिटी). २७ मिलिमीटरची चकती साधारण २० नॅनोफॅरडची असते. मिक्सरचा लाइन इनपुट बहुतेक १० किलो-ओमच्या आसपास. उत्तर येतं ८०० हर्ट्झ. म्हणजे ८०० हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जाणार. काळी एक पट्टीच्या सतारीत जोडाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, खर्जाचा षड्ज ६९ हर्ट्झचा. जोडाचा मूळ सूर पंधरा डेसिबलनं पडला, खर्जाचा एकवीस डेसिबलनं. माइक इनपुट त्याहून वाईट, तो दीड-दोन किलो-ओमचाच असतो आणि कापणी चार-पाच हजार हर्ट्झपासून सुरू होते. इथं लो कितीही वर न्या, जे आत आलंच नाही ते वर येणार कसं? जे येतं तो हॉलचा घुमारा आणि हमिंग.

तीच चकती १ मेगाओमच्या इनपुटला लावा. कापणी ८ हर्ट्झवर जाते, म्हणजे पूर्ण सतार आत. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पचा इनपुट सहसा १ मेगाओमचाच असतो. घरी झकास वाजण्याचं रहस्य हे एवढंच.

पण "१ मेगाओम पुरेसं" हे फक्त मोठ्या चकतीला लागू. गिटारच्या सॅडलखालची पट्टी किंवा व्हायोलिनच्या घोडीत बसणारा पिकअप १ नॅनोफॅरडच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. १ नॅनोफॅरडला १ मेगाओमवर कापणी १६० हर्ट्झला सुरू होते, आणि गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झची. आवाज पत्रा होत नाही, पण पोट गेल्यासारखा पातळ होतो. माणसाला वाटतं गिटारच हलकी आहे. अशा पिकअपला १० मेगाओमचा (बफरसारखाच, शिवाय आवाज वाढवू शकणारा) प्रीअ‍ॅम्प द्या, कापणी १६ हर्ट्झवर जाते.

"पण माझ्याकडं डीआय बॉक्स आहे की!" हेही बऱ्याचदा ऐकतो. डीआय म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणारा डबा. पण कुठला डीआय? आत नुसता ट्रान्सफॉर्मर असलेल्या पॅसिव्ह डीआयचा इनपुट साधारण दीडशे किलो-ओम धरा. मोठ्या चकतीला तो चालून जातो, कापणी ५३ हर्ट्झच्या आसपास येते. सॅडलखालच्या पट्टीला मात्र तीच १ हजार हर्ट्झच्या वर जाते. म्हणून एकाच हॉलमध्ये, एकाच डीआयवर सतार बरी वाजते आणि तुमची गिटार वाजत नाही. अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्यायचा असेल तर डब्यावर किंवा माहितीपत्रकात इनपुट इम्पिडन्स किती लिहिलाय ते बघून घ्या. १ मेगाओमच्या खाली असेल तर पिएझोसाठी घेऊ नका.

आधी ओळखा, तुमच्याकडं काय आहे

कपॅसिटी मोजणारा साधा मल्टिमीटर घ्या. आधी ओमवर ठेवा आणि पिकअपच्या पिनच्या टोकाला आणि बॉडीला काड्या लावा. काहीच रीडिंग आलं नाही, सर्किट उघडं दिसलं, तर पिएझो. पाच ते पंधरा किलो-ओमच्या आसपास आकडा आला तर मॅग्नेटिक. बॅटरीवाला अ‍ॅक्टिव्ह पिकअप या चाचणीत काहीही दाखवतो, त्याच्या नादाला लागू नका. वाद्यात ९ व्होल्टची बॅटरी बसायची जागा आहे का एवढं बघा. पिएझो निघाला तर मीटर कपॅसिटीवर टाका आणि आकडा लिहून ठेवा. लांब केबलसह मोजू नका, केबलची कपॅसिटी त्यात मिसळते. तो एक आकडा कळला की वरच्या सूत्रानं कुठलाही प्रीअ‍ॅम्प तुम्हीच पारखू शकता.

पॅसिव्ह पिएझो असेल तर मध्ये बफर किंवा प्रीअ‍ॅम्प पाहिजेच. अ‍ॅक्टिव्ह असेल तर आत प्रीअ‍ॅम्प आहेच, त्याला मिक्सरचा लाइन इनपुट पुरतो. त्याच्यापुढं आणखी एक प्रीअ‍ॅम्प लावून दोन्हीचा गेन वाढवला की सूर तेवढाच राहतो, फस्स आवाज मात्र दुप्पट होतो.

घाईच्या वेळी, स्टेजवर उभं असताना, दोन जुगाड कामाला येतात. मिक्सरच्या किंवा ऑडिओ इंटरफेसच्या पहिल्या-दुसऱ्या चॅनेलला "हाय-झेड" किंवा "इन्स्ट्रुमेंट" असं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर कुणा गिटारवाल्याचा बफर असलेला पेडल मध्ये लावा. ट्रू बायपास पेडल बंद असताना नुसती वायर असतो, त्यानं काही होणार नाही. तो चालूच ठेवावा लागतो.

बफर घरी करायचा असेल तर

ज्याला डाग मारता (सोल्डरिंग) येतो त्याच्यासाठी हे दोन तासांचं काम आहे. टीएल०७२ हा ऑप-अ‍ॅम्प कुठंही मिळतो आणि त्याच्या इनपुटला फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असल्यानं तो पिकअपला ओढत नाही. दोन समान रेझिस्टन्सनी ९ व्होल्टचे दोन भाग करा, त्या मधल्या बिंदूवरून १० मेगाओमचा रेझिस्टन्स इनपुटला द्या, पिकअप कपॅसिटरमधून आत घ्या, आउटपुट उलट इनपुटला जोडून गेन एकच ठेवा, आणि बाहेर जातानाही कपॅसिटर. गेन वाढवायचा मोह टाळा. जोरात छेडल्यावर पिएझो क्षणभर काही व्होल्टसुद्धा देतो आणि ९ व्होल्टचं सर्किट तिथं कापलं जातं. गिटारचा तो प्लास्टिकसारखा "क्वॅक" आवाज कधी कधी यातूनही येतो. दोन बॅटऱ्या लावून १८ व्होल्ट दिले तर जागा वाढते.

डबा धातूचाच घ्या. दुसरी गोष्ट, जी मी पहिल्या पावसाळ्यात शिकलो : १० मेगाओमच्या सर्किटला ओल चालत नाही. बोर्डवर राहिलेला फ्लक्स आणि दमट हवा मिळून तिथं चोरवाट तयार होते, इम्पिडन्स कमी होतो, कधी चरचर सुरू होते. कृष्णाकाठचे जुलै-ऑगस्ट तुम्हाला माहीतच आहेत. डाग मारून झाले की आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड ब्रशनं धुवा, पूर्ण वाळवा, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आणि बफर वाद्याजवळ ठेवा. बफरच्या आधीची वायर मीटरभर, पुढची हवी तेवढी. केबलची कपॅसिटी मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली तर सहा मीटरला ६०० झाले. १ नॅनोफॅरडच्या पिकअपचा आवाज त्यातच चार डेसिबलनं पडतो. मॅग्नेटिक पिकअपला लांब केबल लावली की हाय जातो. पिएझोचं तसं नाही, त्याचा एकूण आवाजच खाली येतो. शिवाय बफरच्या आधीच्या वायरवर कुणाचा पाय पडला तर तो खरखर म्हणून स्पीकरमधून ऐकू येतो.

मॅग्नेटिक पिकअप सतारीला?

एका कारागीर चाचांच्या दुकानात गिऱ्हाईक गिटारचा मॅग्नेटिक पिकअप घेऊन आलं होतं. चाचांनी तारांखाली धरला, मी अ‍ॅम्प लावला. बाजाची (मुख्य) तार गरजली, चिकारी (झाल्याची बारीक तार) गरजली. जोड छेडली तर जवळजवळ काहीच नाही. गिऱ्हाईक म्हणालं पिकअप खराब. चाचांनी बाकावरचं लहान चुंबक उचललं आणि तारांना टेकवत गेले. बाजाच्या तारेला चिकटलं, जोडाच्या तारेवरून घसरलं. "ये तो पितल है, बेटा." बस. मॅग्नेटिक पिकअप लोखंडाचा कंप ऐकतो. सतारीची बाजाची, चिकारीची आणि तरफेची (खालची, आपोआप झंकारणारी) तार पोलादी, जोड आणि खर्ज पितळ किंवा ब्राँझचे. त्याला ते दिसतच नाहीत. गिटारच्या ब्राँझ तारांना तो चालतो, कारण ब्राँझ वरून गुंडाळलेलं असतं आणि आतला गाभा पोलादी असतो. नायलॉनच्या तारांना अर्थातच नाही. सतारीला पिएझो किंवा छोटा माइक, हाच मार्ग.

तंबोऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे : पिकअप लावू नका, चांगला माइक द्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढा-पंढरपूर भागातला भोपळा निवडण्यापासून घोडीवर जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घासणी) काढण्यापर्यंत ज्यासाठी माणसं आयुष्य घालवतात, तो झंकार तारांच्या आणि तुंब्याच्या भोवतालच्या हवेत असतो. तबलीवरची चकती त्यातला तुकडाच पकडते. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात रात्र जागवणारा इथला श्रोता जवारीला कान लावून ऐकतो, त्याला तुकडा पुरत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर कुठला

प्रीअ‍ॅम्प बरोबर लावूनही जवारीची चमक येत नसेल तर स्पीकर बघा. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये दहा किंवा बारा इंची एकच स्पीकर असतो आणि तो पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्यानं उतरतो. इलेक्ट्रिक गिटारला तेच हवं असतं. सतारीचा, अकूस्टिक गिटारचा वरचा झगमगाट मात्र तिथं संपतो. म्हणजे घरचा तो अ‍ॅम्प इम्पिडन्सनं जोडीचा असला तरी स्पीकरनं नाही. ट्वीटर असलेला अकूस्टिक अ‍ॅम्प, कीबोर्डचा अ‍ॅम्प किंवा सरळ पॉवर्ड स्पीकर घ्या. कीबोर्ड अ‍ॅम्प आणि पॉवर्ड स्पीकरचा इनपुट कमी इम्पिडन्सचा असतो, त्यामुळे तिथं बफर मध्ये हवाच. एकच वस्तू घ्यायला पैसे असतील तर आधी प्रीअ‍ॅम्प घ्या. तो तुमच्याबरोबर प्रत्येक हॉलला येतो. अ‍ॅम्प घरी राहतो.

सूर आला, आता शिट्टी आणि हमिंग

बफर लावल्यावर खर्ज परत येतो, त्यामुळे फीडबॅकही वाढू शकतो. तुंबा घुमणारच, तो त्यासाठीच आहे. आधी मॉनिटर वाद्याच्या तोंडावरून बाजूला वळवा. मग प्रीअ‍ॅम्पवर फेजचं बटण असेल तर ते उलटवून बघा, कित्येकदा तेवढ्यानं भागतं. तरी ओरडत असेल तर नॉच लावून तोच एक सूर थोडा खाली घ्या. अख्खा लो कापू नका. मिक्सरचा लो-कट साधारण ७५ ते १०० हर्ट्झचा असतो, डग्गा फारच घुमत असेल तर तो दाबायला हरकत नाही. खर्जाचे वरचे स्वर शिल्लक राहतात, कान ओळखतो.

हमिंगचं बघा : हात तारांवर ठेवला की कमी होत असेल तर शील्डिंग नाही. बझरची उघडी चकती अँटेनासारखी वागते. तिच्यावर पातळ इन्सुलेशन, त्यावर तांब्याची पट्टी, आणि पट्टी ग्राउंडला जोडा. पातळ दोन-पदरी वायर काढून शील्डेड वायर घाला. हात लावून फरक पडत नसेल आणि अ‍ॅम्प, मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जुळून होणारी हमिंग) आहे. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट वापरा. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून किंवा तोडून हमिंग घालवणारे लोक आहेत. कृपा करून हे कधीही करू नका. मांडवात, जनरेटरवर, ओल्या जमिनीवर पोलादी तारा हातात धरून बसलेल्या माणसाच्या जिवावर ते बेततं.

फँटम पॉवरचंही (मिक्सर माइकसाठी केबलमधून पाठवतो ती ४८ व्होल्टची वीज) विचारा. तुमच्या प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट साध्या पिन-टू-कॅनन (एक्सएलआर) केबलनं माइक इनपुटला गेलं असेल आणि त्या चॅनेलला ४८ व्होल्ट चालू असतील तर ते उलट तुमच्या डब्यात येतात. लावण्याआधी दादाला बंद करायला सांगा, किंवा मध्ये डीआय ठेवा.

बॅटरी आणि चिकटवणं

पहिली अर्धी मैफल चांगली आणि नंतर सूर फाटायला लागले तर बॅटरी मोजा. ९ व्होल्टची बॅटरी ७ वर आली असेल तर फेका. बहुतेक डब्यांत आणि गिटारींत पिन घातली की सर्किट चालू होतं. म्हणजे रियाज संपल्यावर पिन तशीच राहिली तर बॅटरी रात्रभर जळते. वाजवून झालं की पिन काढा.

चकती सुपरग्लूनं चिकटवू नका, डबल टेपनंही नको. सतारीवर चपड्याचं पॉलिश असतं, टेप काढताना ते सालीसारखं निघून येतं आणि दुरुस्तीला पिकअपपेक्षा जास्त खर्च होतो. निळा-पांढरा पोस्टर चिकटवायचा पुटीसारखा गोळा मिळतो, त्याचा अगदी पातळ थर पुरतो. जाड थर कंप खातो. जागा शोधताना चकती बोटानं दाबून धरा, दुसऱ्याला वाजवायला सांगा आणि हेडफोनवर ऐका. घोडीच्या अगदी पायाशी नखीचा टक्क जास्त येतो. तिथून दोन-तीन बोटं खाली, लंगोटाच्या (तारा अडकवायची खालची जागा) बाजूला सरकवत गेलात की एका ठिकाणी टक्क बसतो आणि जोड उघडते. प्रत्येक वाद्याची ती जागा वेगळी. सापडली की कागदावर घोडीपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा आणि तो कागद बफरच्या डब्यातच ठेवा, पिकअपच्या कपॅसिटीच्या आकड्याशेजारी.